पुण्यातला दारू सोडणाऱ्यांचा गट: बाई म्हणून एकटी गेले, त्याचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय, आणि तो भाग वगळू नका, बायकांनी तर अजिबात वगळू नका. गटाचं नाव आणि पत्ता मुद्दाम देत नाहीये. तिथे येणारा प्रत्येक जण आपलं नाव बाहेर जाणार नाही या भरवशावर येतो, मीही तशीच गेले. माझ्याबद्दल एवढं पुरे की वय ४७, धायरीला राहते, अकाउंट्सचं काम करते, आणि दारू सोडून १ वर्ष ४ महिने झाले.

आधी थोडं माझं पिणं सांगते, नाहीतर या गटाने मला काय दिलं ते कळणार नाही. आपल्याकडे पिण्याला 'बसणं' म्हणतात ना, "संध्याकाळी बसूया का" असं विचारतात. ते पुरुषांचं. मी कधी बसलेच नाही. मी उभ्यानं प्यायचे. ओट्यापाशी, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे, स्टीलच्या फुलपात्रातून, पंखा लावून आणि एक्झॉस्ट चालू ठेवून. व्होडका असायची कारण वास येत नाही अशी माझी समजूत होती (येतो, सगळ्यांना येतो, फक्त कोणी बोलत नाही). ती मी पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीत ओतून साबुदाण्याच्या डब्यामागे ठेवायचे. सुरुवात सोसायटीतल्या मैत्रिणींबरोबर वाईनने झाली होती, पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्रात दारू घरपोच द्यायला परवानगी मिळाली आणि माझं वाईन शॉपच्या काउंटरसमोर उभं राहायचं एकमेव भय होतं तेही गेलं. नंतर नंतर रोज एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, मग ती दुपारीच संपायला लागली. चपात्या लाटताना हात स्थिर राहावा म्हणून एक घोट, इथपर्यंत गोष्ट आली.

आणि मग एका संध्याकाळी ओट्यावर व्हिनेगरची नवी बाटली दिसली. सील न तोडलेली. मी आणली नव्हती. माझी बाटली तिच्या जागेवर होती, डब्यामागे, अगदी मी ठेवते तशी लेबल भिंतीकडे करून. मुलगी तेव्हा बारावीला होती, तिला कांद्याला व्हिनेगर लावायचं होतं, तिने माझी बाटली उघडली असणार, वास घेतला असणार, झाकण लावून परत ठेवली असणार आणि खाली जाऊन दुकानातून नवीन आणली असणार. मला एक शब्द बोलली नाही. जेवताना ताटात व्हिनेगरचा कांदा होता आणि आम्ही तिघांनी तो खाल्ला.

त्या रात्री ठरवलं बंद. आणि इथे मी मोठी चूक केली ती तुम्ही करू नका म्हणून सविस्तर लिहिते. मी कोणाला न सांगता एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारी हात इतके थरथरायला लागले की माउस धरता येईना, घाम, मळमळ, छातीत धडधड, रात्री डोळे मिटले की भिंतीवरून काहीतरी चालल्यासारखं. मला वाटलं बीपी वाढलंय. नवऱ्याने डॉक्टरकडे नेलं, तिथे पहिल्यांदा खरं बोलले, आणि डॉक्टर आधी चिडलेच की बाई असं एकटीने तोडायचं नसतं. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने अचानक थांबवली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. त्यांनी सायकिअॅट्रिस्टकडे पाठवलं, तिथे कमी कमी करत न्यायच्या गोळ्या आणि बी-१ व्हिटॅमिनची इंजेक्शनं दिली, आठवडाभर नवरा रजा काढून घरी थांबला. तेव्हा गट वगैरे सगळं नंतर, रोज पीत असाल तर पहिली पायरी डॉक्टरची. गटात कोणी डॉक्टर नसतो आणि गट तसं सांगतोही.

शरीर आठ-दहा दिवसांत बरं झालं. खरा प्रश्न संध्याकाळी सातचा होता. सात वाजले की मी ओट्यापाशी जाऊन उभी राहायचे, हातात काही नाही, करायला काही नाही, नुसती उभी. सायकिअॅट्रिस्ट मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गोळ्यांचं काम झालं, आता माणसं शोधा." चिठ्ठीवर त्यांनी औषधाखाली तेवढंच लिहिलं, 'ग्रुप मीटिंग'.

शोधणं सोपं नव्हतं हे स्पष्ट सांगते. इंटरनेटवर मीटिंगच्या तीन याद्या सापडल्या, तिन्हींत एकाच गटाचे वार वेगळे. एकीत गुरुवार, एकीत शुक्रवार, तिसरीत फक्त "सायं." लिहिलेलं. मी गुरुवार धरला. घरी सांगितलं ऑफिसचं काम आहे (तेव्हाही खोटंच, सवय जात नाही लगेच), सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून दांडेकर पुलापर्यंत यायलाच पाऊण तास, तिथून पेठेत शिरले, गाडी लावायला जागा नाही, शेवटी दोन गल्ल्या सोडून लावली आणि चालत गेले. मीटिंग ज्या शाळेत भरते असं यादीत होतं, तिच्या गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला इथे आता नाही भरत, आत काम चालू आहे, कुठे गेले माहिती नाही.

मी त्या गेटपाशी उभी. पावणेआठ. समोरच्या बाजूला एक परमिट रूम, हिरवा बोर्ड, आतून लसणाच्या फोडणीचा वास. खूप खरं सांगते, मला त्या क्षणी हायसं वाटलं. प्रयत्न केला, जमलं नाही, आता कोण बोलणार. पर्समध्ये हजार रुपये होते. मी रस्ता ओलांडायला वळलेसुद्धा आणि मग काय वाटलं कोण जाणे, यादीच्या तळाशी जो मोबाईल नंबर होता तो लावला.

पलीकडून एक पुरुष. मी म्हटलं मी गेटपाशी उभी आहे, कुलूप आहे. ते म्हणाले, "तुम्ही एकट्या आहात का? आत्ता प्यायला आहात का? नाही ना, मग तिथेच थांबा, हलू नका, मी एका ताईंना पाठवतो." कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. वीस मिनिटांत एक बाई अॅक्टिव्हावर आल्या, साठीच्या, कॉटनची साडी, हेल्मेट काढून केस नीट करत म्हणाल्या, "मी पण तुझ्यासारखीच गं, अकरा वर्षं झाली सोडून. चल, मीटिंग दोन चौक पुढे हललीये, यादी बदलायची राहिली. चूक आमची." मी त्यांच्या मागे बसले. त्यांच्या डिकीला भाजीची पिशवी लटकलेली होती, मेथी, ती माझ्या पायाला लागत होती सगळा रस्ता. का कोण जाणे, त्या मेथीमुळे मला रडू आलं. ही बाई भाजी घेऊन घरी चालली होती आणि माझ्यासाठी वळली.

नंतर वाचताना कळलं की ही सगळी पद्धतच एका फोनपासून सुरू झालीये. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेत अॅक्रन नावाच्या गावात न्यूयॉर्कचा एक शेअरबाजारातला माणूस, बिल, धंद्याचं काम फसल्यावर हॉटेलच्या लॉबीत उभा होता, दारू सोडून काहीच महिने झालेले, आणि बाजूलाच बार. त्याने बारमध्ये जाण्याऐवजी चर्चच्या यादीतून नंबर काढून फोन लावायला सुरुवात केली, की मला बोलायला दुसरा एखादा दारूडा हवाय. असं करत तो डॉक्टर बॉब या सर्जनपर्यंत पोचला. १० जून १९३५ ला बॉबनी शेवटची दारू घेतली, तीही ऑपरेशनआधी हात थरथरू नयेत म्हणून. तो दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा स्थापना दिवस मानतात. मी चपात्या लाटताना घेत होते आणि तो ऑपरेशनसाठी, एवढाच फरक. बारा पायऱ्या १९३९ च्या त्यांच्या पुस्तकात आल्या, आमचा गटही त्याच बारा पायऱ्यांवर चालतो.

तर मीटिंग. शाळेतलाच वर्ग, पण दुसऱ्या शाळेतला, तिसरी-चौथीचा असावा कारण बाक इतके बुटके की गुडघे वर येतात, फळ्यावर हातच्याची वजाबाकी तशीच, कोणी पुसलेली नाही. साधारण बावीस-तेवीस माणसं, त्यात मी आणि ताई धरून दोन बायका. रिक्षावाले होते, एक रिटायर्ड पोलीस, एक इंजिनिअर मुलगा लॅपटॉपची बॅग पायाशी ठेवून, एक काका धोतर-टोपीत. सात ते साडेआठ वेळ, आम्ही उशिरा पोचलो तरी कोणी वळून पाहिलं नाही, एकाने फक्त सरकून जागा केली. मी बसले. हे वाक्य साधं वाटेल पण दारूशी माझा जो काही संबंध होता त्यात मी पहिल्यांदा बसले, चार लोकांत, दिव्याखाली, काहीही न लपवता.

कसं चालतं ते सांगते कारण मला जाण्याआधी हेच कोणी सांगितलं नव्हतं आणि मला वाटत होतं आत कोणीतरी लेक्चर देईल किंवा फॉर्म भरून घेईल. तसलं काही नाही. रजिस्टर नाही, सही नाही, फोटो नाही. सदस्य व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. सोडलेली असलीच पाहिजे असंही नाही. एक जण चेअर करतो, सुरुवातीला मराठीत ठरलेलं वाचन होतं, मग ज्याला बोलायचंय तो आपलं पहिलं नाव सांगतो आणि पाच-सात मिनिटं बोलतो. त्याला शेअरिंग म्हणतात. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, "असं करायला हवं होतंस" असं कोणी म्हणत नाही. पुण्यात राहून हे अनुभवणं म्हणजे काय ते पुण्यातल्यांना कळेल, तेवीस माणसं आणि एकही सल्ला नाही. न्यूकमरला बोलायची सक्ती नाही. मी पहिल्या चार मीटिंगमध्ये फक्त नाव सांगितलं आणि "आज ऐकते" म्हटलं. पाचव्या वेळी तोंडातून "व्हिनेगरची बाटली" एवढे दोनच शब्द बाहेर पडले आणि पुढे बोलता येईना, आणि समोरचे पोलीस काका नुसती मान हलवत होते. त्यांनी नंतर चहाच्या वेळी सांगितलं की ते हापशाच्या मागे ठेवायचे. बस. तेवढंच बोलले.

पैसे. फी नाही. मधे एक कापडी पिशवी फिरते, त्यात ज्याला जे जमेल ते टाकतो, दहा, वीस, काही नाही टाकलं तरी कळत नाही कारण हात आत घालून टाकायचं असतं. पहिल्या दिवशी मी शंभरची नोट काढली तर ताईंनी हात धरला, नवीन माणसाने टाकायचे नाहीत म्हणे. बाहेरच्या कोणाकडून देणगी घेत नाहीत, ना सरकारकडून ना कंपनीकडून, आपला खर्च आपण, हा त्यांचा सातवा नियम. वर्गाचं भाडं, चहा, पुस्तकं एवढाच खर्च. मी अकाउंट्सवाली असल्यामुळे मला नंतर हिशेब लिहायला दिला आणि मी सांगते, चोख आहे.

चहा साडेआठला. मीटिंग संपल्यावर सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतात, जे बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती आणि जे बदलता येतं ते बदलायची हिंमत मागणारी, आणि मग पायऱ्यांवर चहा. माझ्या मते अर्धी मीटिंग त्या पायऱ्यांवरच होते. नंबर दिले-घेतले जातात, कोणाची नोकरी गेलीये, कोणाच्या मुलाचं लग्न आहे आणि तिथे बार लागणार आहे मग काय करायचं, हे सगळं तिथे. मला पहिली गटारी काढायची होती, आषाढ अमावस्या, सोसायटीत खाली चिकन आणि बाकीचं सगळं ठरलेलं. इंजिनिअर मुलगा म्हणाला, काकू, हातात आधीच भरलेला ग्लास ठेवा, ताक, कोकम काहीही, रिकामा हात दिसला की लोक भरतात. आणि भुकेल्या पोटी जाऊ नका. गटात ते चार गोष्टी मोजायला शिकवतात, भूक, राग, एकटेपणा, थकवा, यातली एक जरी असली तरी आधी ती मिटवा. मी वरणभात खाऊन खाली गेले, कोकमचा ग्लास घेऊन. साडेनवाला वर आले. झालं.

आता अर्धा स्टार.

पहिलं म्हणजे बायका कमी. खूपच कमी. मी आकड्यांची माणूस आहे म्हणून शोधलं, २०१९ च्या सरकारी पाहणीत, जी एम्सने केली होती, देशात दारू पिणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के आणि बायकांत १.६ टक्के आलं. म्हणजे साधारण सतरा पुरुषांमागे एक बाई. पण मला विचाराल तर जी बाई ओट्यापाशी उभ्यानं पिते ती पाहणीवाल्याला तरी कशाला सांगेल. त्यामुळे खोलीत गेल्यावर सगळे पुरुष, आणि त्यांच्या गोष्टी बऱ्याचदा बायकोला मारल्याच्या, पगार उडवल्याच्या. सुरुवातीला मला ते ऐकवत नव्हतं, एक गृहस्थ असं काही सांगत होते तेव्हा मी उठून बाहेर गेले. ताई मागे आल्या, म्हणाल्या परत यायचं तर ये, नाहीतर इथेच पायरीवर बसू. आम्ही पायरीवर बसलो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तिसऱ्या आठवड्यात गटातल्या एका माणसाने माझा नंबर मिळवून रात्री साडेअकराला मेसेज करायला सुरुवात केली, आधी "कशा आहात", मग "एकदा कॉफीला भेटू, प्रोग्रामबद्दल बोलू", मग फोन. मी नवीन, मला वाटलं असंच असतं, मदतच करतायत. सहा-सात दिवसांनी ताईंना दाखवलं तर त्यांचा चेहराच बदलला. पुढच्या मीटिंगनंतर जुन्या सदस्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, मेसेज थांबले. पण माझं म्हणणं मी तेव्हाही मांडलं आणि इथेही मांडते, हे नवीन बाईला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पुरुषांनी पुरुषांचे नंबर घ्यावेत, बायकांनी बायकांचे, हा संकेत आहे, पण तो मला कोणी सांगितला नव्हता. त्या सात दिवसांत मी यायचं बंद करणार होते, आणि बंद केलं असतं तर पुढे काय झालं असतं ते मला माहितीये. आता आमच्या गटात नवीन बाई आली की हे आधी सांगतात. तरी अर्धा स्टार मी परत देणार नाही.

बाकी किरकोळ. काही जुने लोक पाच मिनिटांचे वीस करतात. बाहेर सिगरेटचा धूर फार. वेळ सातची, म्हणजे नेमकी घरातल्या बाईच्या स्वयंपाकाची, पण ही तक्रार मी आता मागे घेते, कारण तीच माझी पिण्याची वेळ होती. गुरुवारी नवरा खिचडी लावतो.

देवाबद्दल बरेच जण विचारतात. बारा पायऱ्यांमध्ये ईश्वर आहे, नाकारत नाही, पण 'आपापल्या समजुतीप्रमाणे' असं म्हणून आहे. आमच्याकडे वारीला जाणारे आहेत, नमाज पढणारे आहेत, आणि एक सर आहेत जे कुठलाच देव मानत नाहीत, ते म्हणतात माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे या वर्गातली वीस माणसं, मला एकट्याला जमलं नव्हतं, यांच्याबरोबर जमतंय. त्यांची सोळा वर्षं झालीयेत. कोणी त्यांच्याशी वाद घालत नाही.

काम करतं का? मलाही हाच प्रश्न होता, "आम्हाला फायदा झाला" म्हणणारे तर कुठेही भेटतात. २०२० मध्ये कॉक्रेनने, जे लोक जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासतात, २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं पाहिली. पूर्णपणे दारूबंद राहण्याच्या बाबतीत ठरलेल्या पद्धतीने या गटांशी जोडून देणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले, बाकी बाबतीत साधारण बरोबरीचे. म्हणजे सगळ्यांना लागू पडेल असं नाही. माझ्या पहिल्या महिन्यात आलेल्या पाच जणांपैकी आता दोघं येतो. एक जण गेला, लिव्हर. ते लिहायलाच हवं.

ज्यांना गटाने भागणार नाही, घरी थांबतच नाही, त्यांनी ॲडमिशनचा विचार करावा. पुण्यात मुक्तांगण आहेच, १९८६ साली डॉ. सुनंदा (अनिता) आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुलंच्या मदतीने येरवड्यात सुरू केलं, तेव्हा गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, व्यसनासाठी, पुढे दारूसाठीही. बायकांसाठी त्यांचा निशिगंध हा वेगळा विभाग आहे, आणि पेशंटच्या बायकांसाठी सहचरी गट. मी स्वतः दाखल झाले नाही त्यामुळे त्यावर स्टार देणार नाही, पण आमच्या गटातले चार जण तिथून आलेत. एक सावधगिरी मात्र. माझ्या चुलत भावाला घरच्यांनी शहराबाहेरच्या एका केंद्रात टाकलं, रात्री गाडी येऊन झोपेतून उचलून नेलं, महिनाभर फोन नाही, परत आला तेव्हा पाठीवर वळ. असल्या जागांपासून लांब राहा. नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे आधी विचारा, आणि जाऊन संडास-बाथरूम बघून या.

घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे, बिलची बायको लोइस आणि तिच्या मैत्रिणीने १९५१ मध्ये सुरू केलेलं. माझ्या नवऱ्याने तिथे जायला सुरुवात केली. तिथे सगळ्या बायका, नवरे पिणारे, आणि हा एकटा पुरुष ज्याची बायको प्यायची. पहिल्या दिवशी त्या बायका बघतच राहिल्या म्हणे. तो घरी येऊन म्हणाला, "मी दोन वर्षं बाटल्या मोजत होतो आणि तुला वाटत होतं मला माहीत नाही." त्याने डब्यामागची बाटली माझ्या मुलीच्याही आधी पाहिली होती. हे आम्ही लग्नाच्या बावीस वर्षांत पहिल्यांदा बोललो, गॅलरीत, रात्री दीडला.

मुलगी आता कॉलेजला आहे. माझं एक वर्ष झालं तेव्हा गटात बर्थडे करतात, त्या दिवशी ओपन मीटिंग असते, घरचे येऊ शकतात. ती आली, त्या बुटक्या बाकावर शेवटच्या रांगेत बसली, दीड तास फोन बाहेर काढला नाही. चहाच्या वेळी ताईंनी तिला विचारलं काही बोलायचंय का, ती नाही म्हणाली. घरी येताना अॅक्टिव्हावर मागे बसून राजाराम पुलापाशी म्हणाली, "आई, त्या पोलीस काकांचं हापशाचं खरंय का?" मी म्हटलं खरंय. मग सनसिटीपर्यंत हसत होती, मीही.

जायचं असेल तर काही कामाच्या गोष्टी. यादीतल्या वारावर विसंबू नका, आधी फोन करा, आणि बाई असाल तर फोनवरच सांगा, "बाई मेंबरशी बोलायचंय", ते जोडून देतात. फोन करायचंही धाडस होत नसेल तर सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर १४४४६ आहे, आणि मन फार खचलं असेल तर टेली मानस १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. पहिल्या मीटिंगवरून गट ठरवू नका, दोन-तीन वेगवेगळ्या गटांत जाऊन बघा, पेठेतला आणि हडपसरचा गट यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पार्किंग आमच्याकडे नाही, दुचाकीच आणा. पाण्याची बाटली न्या. आणि उशीर झाला, गेटपाशी येऊन परत फिरावंसं वाटलं, तर फिरू नका, साडेआठपर्यंत कधीही आत या, कोणी वळून बघत नाही, दाराजवळचा बाक आम्ही रिकामाच ठेवतो.